काचेत अडकवायचा सोलर पंखा: कुत्र्यासाठी घेत असाल तर घेऊ नका

गाडीच्या काचेत अडकवायचा हा सोलर पंखा ऑनलाइन साधारण नऊशे रुपयांना मिळतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच साच्यातला पंखा चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकला जातोय. खोका बदलतो, आतला माल तोच. जाहिरातीत मागच्या सीटवर जीभ बाहेर काढून बसलेला एक गोल्डन रिट्रीव्हर आहे आणि खाली ओळ आहे की तुमच्या लाडक्याला आता गाडीत निर्धास्त ठेवा. माझा सगळा आक्षेप त्या फोटोला आणि त्या ओळीला आहे. पंखा म्हणून वस्तू कशी आहे तेही सांगते, पण कुणी घाईत असेल तर एवढंच वाचा: बंद गाडीत कुत्रा ठेवण्यासाठी हा पंखा उपयोगाचा नाही. उन्हात नाही, आणि झाडाखालीही नाही.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कॅलिब्रेशन लॅबमध्ये काम करते. भट्ट्या, ओव्हन, कोल्ड स्टोरेज यांचे सेन्सर खरं तापमान दाखवतात की नाही ते तपासायचं, हे माझं रोजचं काम. आमच्याकडे तिळू आहे, काळी लॅब्राडोर, अठ्ठावीस किलोची. गाडीची चावी वाजली की दारात ती पहिली उभी. पंखा आणला माझ्या दिरानं, आणि अगदी प्रेमानं आणला. म्हणाला, "वहिनी, आता वणीला जाताना हिला घरी ठेवायला नको. वर दर्शन होईपर्यंत बसेल गाडीत आरामात." मी म्हटलं, आधी मोजते, मग बोलू.

तिळूला चाचणीसाठी गाडीत बसवण्याचा प्रश्नच नव्हता. मागच्या सीटवर ती बसते तेव्हा तिचं डोकं जिथे येतं त्या उंचीवर एक थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायचा तारेचा सेन्सर, टांगला, त्याच्यावर थेट ऊन पडू नये म्हणून पुठ्ठ्याचा आडोसा केला. दुसरा डॅशबोर्डच्या पृष्ठभागाला चिकटवला. तिसरा बाहेर सावलीत. गाडी आमची पांढरी हॅचबॅक, आणि जागा कंपनीच्या मागचं उघडं पार्किंग, जिथे दुपारी बारानंतर कशाचीच सावली पडत नाही. एक दिवस पंख्याशिवाय, एक दिवस पंखा लावून, असं आलटून पालटून एप्रिलभर जमेल तसं केलं.

आता वस्तूबद्दल. काळ्या प्लास्टिकची पेटी, आत अंगठ्याएवढ्या पात्यांचे दोन पंखे, बाहेरच्या बाजूला सोलर पॅनेल. काच थोडी खाली करायची, पेटी काचेच्या कडेवर बसवायची आणि काच परत वर घ्यायची. उरलेल्या फटीसाठी रबराची पट्टी दिलीय, ती कात्रीनं मापात कापून लावायची. पट्टी नीट बसते, पण ऊन लागलं की टोकांना वळते आणि फट पुन्हा उघडी पडते. आवाज फारसा नाही. वारा किती, हे पाहायला टिश्यू पेपरची पट्टी पंख्यासमोर धरली. बोटभर अंतरावर ती हलते. वीतभर मागे नेली की लोंबकळत राहते.

खरी गोम पॅनेलमध्ये आहे. पॅनेल काचेला समांतर, म्हणजे जवळजवळ उभं असतं. सकाळी नऊला किंवा संध्याकाळी चारला सूर्य बाजूला असतो, तेव्हा योग्य बाजूच्या काचेत लावला तर पंखा जोरात फिरतो. पण नाशिक वीस अंश अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य माध्यान्हाला बरोबर डोक्यावर. एप्रिलच्या मध्यापासून पावसाचे ढग येईपर्यंत दुपारी तो जवळपास तिथेच असतो. तेव्हा उभ्या पॅनेलवर थेट ऊन पडतच नाही. छप्पर तापतंय, पुढच्या काचेतून ऊन आत ओततंय, आणि नेमका त्याच वेळी पंखा मंदावतो. बारा ते दीडच्या दरम्यान मी कितीतरी वेळा जाऊन बघितलं, पाती मोजता येतील इतक्या हळू फिरत होती.

आकडे सांगते. बाहेर सावलीत 38 अंश असताना, पंखा न लावता, अर्ध्या तासात तिळूच्या डोक्याच्या उंचीवरची हवा 51 च्या वर गेली. पंखा लावून, बाहेरची परिस्थिती जवळपास तीच, 49. दोन अंशांचा फरक. डॅशबोर्ड दोन्ही वेळा सत्तरीच्या आसपास. काचा दोन-दोन बोटं खाली ठेवून पंख्याशिवायही करून पाहिलं, त्यातही फार फरक पडला नाही.

यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. भर दुपारी काचांमधून आणि छपरातून गाडीत येणारी उष्णता हजार वॉटच्या आसपास तरी असते, म्हणजे घरातली इस्त्री मागच्या सीटवर चालू करून ठेवल्यासारखं. त्याच्यासमोर या पॅनेलची ताकद एखाद-दोन वॉटची. आणि समजा पंखा याच्या शंभरपट मोठा असता, तरी तो फार तर बाहेरची हवा आत आणणार. बाहेरचीच 38 किंवा 40 अंशांची असेल तर आत त्याखाली जायचं कसं? पंख्यानं हवा थंड होत नाही. आपल्याला त्याचा गारवा वाटतो तो अंगावरचा घाम सुकतो म्हणून. कुत्र्याच्या अंगाला घाम येत नाही.

हे फक्त माझ्या पार्किंगपुरतं नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2005 मध्ये हेच मोजून प्रसिद्ध केलंय: बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी 22 अंश सेल्सिअसनं वाढलं, त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काच थोडी उघडी ठेवल्यानं नावापुरताच फरक पडला. त्यांनी ही मोजणी बाहेर 22 ते 36 अंश असताना केली होती, म्हणजे आपल्या एप्रिलपेक्षा बऱ्या हवेत. सावलीबद्दलही उत्तर आहे. ॲरिझोनातल्या विद्यापीठाच्या 2018 च्या अभ्यासात कडक उन्हाळ्यात सावलीत लावलेल्या गाड्यासुद्धा तासाभरात 38 अंशांच्या आसपास गेल्या, आणि उन्हातल्या गाड्यांचे डॅशबोर्ड 69 वर. शिवाय सावली एका जागी राहत नाही. कॉलेज रोडवर झाडाखाली गाडी लावून दुकानात गेलेला माणूस बाहेर येतो तेव्हा झाड तिथेच असतं, सावली शेजारच्या गाडीवर सरकलेली असते.

"नाशिकची हवा थंड आहे हो, आपण काय जळगावला राहतो का?" हे वाक्य मी फार ऐकलंय. निफाडचा पारा घसरल्याची बातमी ज्या आठवड्यात पेपरला येते त्याच आठवड्यात, दुपारी एक वाजता, बाहेर 26 अंश असताना मी हाच सेन्सर गाडीत ठेवून पाहिला. पाऊण तासाच्या आत चाळिशी ओलांडली. स्वेटर हातात घेऊन मी आकडा बघत उभी होते. पहाटेची थंडी दुपारच्या बंद काचेला माहीत नसते.

कुत्र्याच्या शरीरात हे सगळं कुठे जाऊन लागतं तेही सांगायला हवं, कारण "आमचा दणकट आहे" असं बरेच जण म्हणतात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश असतं, आपल्याहून जास्त. 41 च्या वर गेलं की उष्माघात सुरू झाला असं समजायचं. मध्ये अंतर फक्त दोन अंशांचं. घामाच्या ग्रंथी नावापुरत्या, पंजांच्या गाद्यांत. बाकी सगळा भार धापा टाकण्यावर: जीभ, तोंड, श्वासनलिका यांच्यावरचा ओलावा उडतो आणि रक्त थंड होतं. हे यंत्र चालायला बाहेरची हवा कोरडी लागते, आणि ती जितकी थंड तितकं बरं. बंद गाडीत कुत्रा जितक्या धापा टाकेल तितकी तिथली हवा दमट होत जाते, आणि दमट हवेत ओलावा उडत नाही. म्हणजे जीव वाचवायचा एकच मार्ग, तो वापरला की बंद होत जातो. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग यांची नाकं मुळातच चेपलेली, त्यांना घरातसुद्धा मेमध्ये दम लागतो. म्हातारे, जाड, काळे, दाट केसांचे, हे सगळे त्यांच्या पाठोपाठ. आपल्याकडच्या सोसायट्यांमध्ये आता हस्कीसुद्धा दिसतात. त्यांचं तर बोलायलाच नको.

आता जे मी स्वतः पाहिलं ते. गंगापूर रोडच्या पुढे मळ्यात मिसळीची मोठी हॉटेलं आहेत, रविवारी सकाळी तिथे टेबलासाठी नंबर लावून थांबावं लागतं. आम्ही साडेअकराला निघायच्या बेतात होतो. पार्किंगमध्ये आमच्या गाडीच्या दोन गाड्या सोडून एक पांढरी मोठी गाडी उभी, आणि मागच्या काचेवर आतून लाळेचे दोरे ओघळलेले. आत गोल्डन रिट्रीव्हर. उभा नव्हता, दोन सीटच्या मधल्या फटीत नाक खाली घालून पडला होता. जीभ टोकाशी रुंद होऊन वळलेली, हिरड्या विटकरी लाल. आणि काचेत हाच पंखा. तो फिरत होता.

माझे मिस्टर गल्ल्याकडे धावले. हॉटेलवाल्या दादांनी एका सेकंदाचा वेळ न घालवता माइकवरून गाडीचा नंबर पुकारला. मालक आले, तिशीतले, हात तसेच रश्श्याचे. जरा चिडूनच म्हणाले, "ताई, पंखा लावलाय ना, काच पण उघडी आहे. आत्ता तर आलोय आम्ही." मी म्हटलं, "दादा, आधी दार उघडा." दार उघडल्यावर जी वाफ अंगावर आली, त्यानंतर ते एक शब्द बोलले नाहीत. कुत्रा हाक मारल्यावर मान उचलत नव्हता. त्यांचा लहान मुलगा "सिंबा, सिंबा" करत मागे उभा.

तिळूच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आधी तिथेच थंड करा, मग गाडीत घाला. सिंबाला हात धुवायच्या नळाजवळ पत्र्याच्या सावलीत आणलं. हॉटेलच्या पोरांनी जगनं पोटावर, काखेत, जांघेत, पंजांवर पाणी ओतायला सुरुवात केली, एकानं स्टँडचा पंखा ओढत आणला आणि ओल्या अंगावर सोडला. कुणीतरी ओला टॉवेल आणून गुंडाळायला लागलं, तर डॉक्टर फोनवरूनच ओरडले की गुंडाळू नका, टॉवेल तापला की उष्णता आत कोंडते. पाणी ओता, वारा घाला. तोंडात जबरदस्तीनं पाणी घालू नका, स्वतःहून प्यायला तर पिऊ द्या. थोड्या वेळानं त्यानं मान उचलली, मग उलटी केली. मग एसी फुल करून दवाखान्यात. सिंबा वाचला. पण सलाइन, किडनीच्या तपासण्या, रक्त गोठण्याची तपासणी हे सगळं झालं, कारण उष्माघातात कुत्रा उठून बसला तरी आतलं नुकसान एक-दोन दिवसांनी वर येऊ शकतं. शुद्धीवर आला म्हणून तसंच घरी नेणं चूक, हे डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं.

त्या माणसाबद्दल मला राग नाही. त्यानं कुत्र्याला रविवारी सकाळी सोबत आणलं होतं, नऊशे रुपये खर्च करून पंखा लावला होता, काच उघडी ठेवली होती. बेफिकीर माणूस यातलं काहीच करत नाही. ज्याला काळजी आहे तोच हा पंखा विकत घेतो, आणि पंखा नसता तर कदाचित त्यानं कुत्र्याला घरीच ठेवलं असतं, किंवा बायकोनं आणि त्यानं पाळीपाळीनं खाल्लं असतं. विक्रेत्यानं त्या फोटोतून त्याला जो भरवसा विकला, तो खोटा होता. म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

याच जातीच्या बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. पुढच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा मी वापरते आणि तो चांगला आहे, स्टिअरिंगला हात लावता येतो, पण आतली हवा त्यानं फार तर चार-पाच अंश कमी होते. खिडकीच्या जाळ्या चालत्या गाडीत, एसी चालू असताना, कुत्र्याच्या अंगावरचं ऊन अडवायला ठीक. मात्र बाजूच्या काचेतून किमान 50 टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के प्रकाश आत आला पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे गडद जाळी लावून फिरलात तर पोलीस अडवणार. जेलची थंड गादी घरातल्या फरशीवर उत्तम. गाडीत ती स्वतःच तापते, पैसे घालवू नका. एसी चालू ठेवून उतरणं हा उपाय मी करत नाही. इंजिन बंद पडलं, कॉम्प्रेसर ट्रिप झाला किंवा तिळूचा पंजा काचेच्या बटणावर पडला, तर मला दुकानात बसून कळणार कसं? टेस्लानं 2019 मध्ये आणलेल्या डॉग मोडसारखी सोय, जिथे गाडी बंद करून उतरल्यावरही एसी चालू राहतो आणि आतलं तापमान पडद्यावर दिसतं, ती वेगळी गोष्ट. पण ती गाडीत मुळातून असावी लागते, नऊशे रुपयांत चिकटवता येत नाही.

मग आम्ही काय करतो? मार्च ते जून तिळू गाडीत फक्त अशाच ठिकाणी येते जिथे ती आमच्यासोबत उतरू शकते. सोमेश्वरला सकाळी सातच्या आत, गंगापूर धरणाच्या बाजूला, माझ्या माहेरी मखमलाबादच्या मळ्यात. वणी, त्र्यंबक, पंचवटी, मॉल, लग्न, यातलं काही असेल तर ती घरी, पंख्याखाली, पाण्याच्या भांड्याशेजारी. देवळाची रांग किती चालेल हे आपल्या हातात नसतं. गौरी पटांगणावर गाडी लावून "रामकुंडावर पाया पडून आलो" म्हणणाऱ्यांना मी तासाभरानं परत येताना पाहिलंय. वाटेत कुठे थांबावंच लागलं तर एक जण तिच्याबरोबर बाहेर सावलीत उभा राहतो. दिरानंही आता हेच मान्य केलंय. वणीला तो येतो तेव्हा आळीपाळीनं दर्शन घेऊ म्हणतो, पण मी तिला घरीच ठेवते.

कुणाच्या बंद गाडीत कुत्रा धापा टाकताना दिसला तर आधी माइकवरून किंवा वॉचमनला सांगून मालकाला बोलवा, गाडीच्या नंबराचा आणि कुत्र्याचा व्हिडिओ काढा, मालक सापडत नसेल तर 112 ला फोन करा. कायदा आहे. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये हे बसतं, पण पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये, आणि तो आकडा आजतागायत तोच आहे. 50 रुपयांत गौरी पटांगणावर कुणी घाबरणार नाही, म्हणून मी दंडाची भीती घालत बसत नाही, सरळ आतलं तापमान सांगते. 51 हा आकडा ऐकून लोक थांबतात.

पंख्याला मी दोन स्टार देतेय. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उभ्या गाडीतला कोंदट वास आणि थोडी गरम हवा बाहेर काढायचं काम तो करतो, तेवढ्यापुरता ठेवला आहे. विक्रेत्याला मी माझे आकडे पाठवून दोन गोष्टी मागितल्या आहेत: जाहिरातीतून कुत्र्याचा फोटो काढून टाका, आणि "लहान मुलं व प्राणी गाडीत ठेवू नयेत" अशी सूचना खोक्यावर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत छापा. ते झालं तर तिसरा स्टार द्यायला हा रिव्ह्यू मी बदलेन. पट्टीचं रबर सुधारलं नाही तरी चालेल.